खाजगी तबकड्या

कोणाचें गाणें टिकतें आणि कोणाचें हवेंत विरतें, हें पुष्कळदां कारखान्याच्या हिशेबावर अवलंबून असतें. तबकडी काढावयाची तर प्रथम लॅकरच्या थरावर सुईनें खांच कोरतात. तिजवर चांदीचा पातळ मुलामा देऊन विजेच्या साहाय्यानें निकेलचा थर चढवितात. त्यापासून ठसे बनतात व ठशांच्या दाबाखालीं तबकड्या निघतात. खरा खर्च ठसा होईपर्यंतचा. पुढें शंभर काढा कीं हजार!

अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत हा खर्च सोसणाऱ्या कोणासही कारखाने थोडक्या तबकड्या काढून देत. वॉशिंग्टन राज्यांतील फ्रूटलँडच्या डॉनी व जो एमर्सन या भावांसाठीं त्यांच्या शेतकरी पित्यानें कर्ज काढून शेतांतच ध्वनिमुद्रणगृह उभारलें. १९७९ सालीं 'ड्रीमिन् वाइल्ड' निघाली. ती खपली नाहीं, आणि कर्जापायीं जमिनीचा मोठा भाग गेला. कौतुक झालें तें तेहतीस वर्षांनीं, २०१२ सालच्या पुनःप्रकाशनानंतर.

आपल्याकडे जमीन गहाण टाकूनही हें साधणें कठीण होतें. तबकड्यांचा धंदा मुख्यत्वें ग्रामोफोन कंपनीच्या हातीं. तिचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. इंग्रजी रॉक गाणाऱ्या अनोळखी पोरांवर एवढा खटाटोप कोण करणार? तो केला सिगारेट विकणारांनीं! इंपीरियल टोबॅको कंपनीनें आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठीं 'सिमला बीट' नांवाच्या स्पर्धा भरविल्या, आणि १९७० व १९७१ सालीं त्यांतील निवडक वाद्यवृंदांच्या तबकड्या काढल्या. शिलाँगचे 'फेंटोन्स', मद्रासचे 'कन्फ्यूजन्स' यांचा आवाज आज ऐकूं येतो तो या जाहिरातीच्या कृपेनें. त्या काळच्या मुंबईच्या 'वेल्वेट फॉग' मध्यें नंदू भेंडे गात असत; पुढें १९७८ सालीं पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' मधून ते मराठी प्रेक्षकांना परिचित झाले. मात्र जे वाद्यवृंद तबकडीपर्यंत पोंचले नाहींत, त्यांतील बहुतेकांची उरली असली तर केवळ नांवें.

ही कोंडी १९८० नंतर कॅसेटनें फोडली. तिला ना ठसा लागे, ना कारखाना. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल उतरविली कीं झालें. धुळें-नंदुरबारकडील अहिराणी गाणीं अशाच कॅसेटींवर खपूं लागलीं. तिची फीत मात्र दमट हवेंत बुरसते, उन्हांत वांकडी होते. आणि तबकडी नीट जपली तर पन्नास वर्षांनींही वाजते.