चारचा पाढा आणि रंगीत टॉप

दोस्तांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी उरलेल्या लोकरीची एक पिशवी नक्की असेल. थोडी लाल, थोडी पिवळी, एखादा हिरवा गुंडा. माझ्या सहावीतल्या भाचीला मे महिन्याच्या सुट्टीत अशीच पिशवी सापडली. बाजारात पाहिलेला रंगीबेरंगी टॉप तिच्या डोळ्यांपुढे होताच. ती आजीला म्हणाली, "आजी, मला शिकव ना!"

क्रोशाचं एक बरं असतं. विणकामाला दोन सुया लागतात, इथे एकच आणि तिला टोकाशी आकडा. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा आकडा! टाकेही मोजकेच. साखळी तर तुम्हाला येतच असेल. दुसरा टाका म्हणजे खांब. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई खालच्या घरात घालून दोरा वर ओढा. सुईवर तीन फास दिसतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. झाला खांब!

आता टॉप

आपला टॉप म्हणजे दोन मोठे चौकोन, एक पुढचा आणि एक पाठीचा. छातीचं माप घ्या, त्यात 8 सें.मी. मिळवा आणि दोनाने भागा. छाती 76 सें.मी. असेल तर चौकोनाची बाजू 42 सें.मी. होईल. त्याला मध्यम जाडीची लोकर आणि 4 मि.मी.ची सुई घ्या. अंगाला लोकर टोचत असेल तर जाड सुती दोरा घ्या.

पहिली फेरी : चार साखळ्या घालून गोल जोडा. तीन साखळ्या घाला, हा पहिला खांब धरायचा. गोलात आणखी दोन खांब आणि दोन साखळ्या. मग 'तीन खांब, दोन साखळ्या' असं तीनदा करा आणि फेरी जोडा. चार कोपरे तयार!

दुसरी फेरी : रंग बदला. प्रत्येक कोपऱ्याच्या घरात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. दोन कोपऱ्यांच्या मध्ये एक साखळी.

पुढच्या फेऱ्या : कोपऱ्यात तसंच करा. बाजूच्या प्रत्येक घरात तीन खांबांचा एकच गट आणि गटांमध्ये एक साखळी. 42 सें.मी.साठी साधारण सतरा-अठरा फेऱ्या लागतात.

आमच्या भाचीची गाडी नवव्या फेरीत अडली. चौकोन सपाट राहीना, वाटीसारखा वर उचलायला लागला. ती रडकुंडीला आली. आजीने तिला गट मोजायला लावले. पहिल्या फेरीत चार गट, दुसरीत आठ, तिसरीत बारा. म्हणजे हा चारचा पाढा! नवव्या फेरीत छत्तीस हवेत. भरले पस्तीस. एका कोपऱ्यात दोनऐवजी एकच गट घातला होता. "उसव," आजी म्हणाली. "एवढं सगळं?" "एवढं कुठे? एकच फेरी. उसवता येतं म्हणून तर हे काम चांगलं. दोरा वाया जात नाही आणि हातही शिकतो."

जोडणी

दोन्ही चौकोन एकमेकांवर ठेवा. वरच्या कडेला मधोमध 28 सें.मी. गळा सोडा आणि दोन्ही बाजूंचे खांदे शिवा. डोकं आत जातंय ना, ते आधी पाहा! बाजूंना वरून 18 सें.मी. हातांसाठी सोडून खाली शिवत जा. टॉप आखूड वाटला तर खालच्या कडेने गोल फेऱ्या वाढवा. दोऱ्यांची टोकं मागच्या बाजूने ओवून टाका, नाहीतर पहिल्याच धुण्यात सुटतील.

भाचीला हे सगळं करायला पाच आठवडे लागले. मग एक दिवस दुकानात तसाच टॉप स्वस्तात लटकलेला दिसला. ती विचारात पडली, "मावशी, खरा क्रोशा मशीनवर होत नाही ना? मग हा एवढा स्वस्त कसा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. अस्सल क्रोशा आजही हातानेच विणावा लागतो. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचं पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा बायकांनी आणि मुलींनी क्रोशाची लेस विणून घरं जगवली. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळायला जाते, तिथे आंध्र प्रदेशात नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या घरी बसून लेस विणतात. या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण घरी बसून होणाऱ्या कामाला पुष्कळदा 'फावल्या वेळचं काम' म्हणतात आणि मोबदला तुटपुंजा देतात.

तेव्हा आईबाबांनो, हाताने विणलेल्या वस्तूची घासाघीस करताना जरा थांबा. आणि दोस्तांनो, मुलगा असा की मुलगी, सुई हातात घ्याच. एक चौकोन विणून पाहिलात, की त्यामागचे कष्ट कुणी वेगळे सांगायला नकोत.

काढा तर मग ती पिशवी!