घाटावरची प्रयोगशाळा

काशीच्या अहल्याबाई घाटाला लागून, दक्षिणेच्या अंगास मुन्शी घाट आहे. नागपूर दरबारचे एक मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला आणि 1915 मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला. महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू येथे उतरला म्हणजे त्याला आपल्याच मुलखातील कोणाची तरी पायरी पायाखाली असल्याचे समाधान लाभते. ज्या पाण्यात तो उतरतो, ते कोठून आलेले असते याचा विचार मात्र त्याच्या मनात सहसा येत नाही. काशीस गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. शहराच्या दक्षिण टोकाशी अस्सीचा नाला, म्हणजे पूर्वीची अस्सी नदी, नगव्याजवळ गंगेला मिळतो. त्या नाल्याने आणलेले मैलापाणी प्रवाहाबरोबर घाटांवरून पुढे सरकत जाते. हे पाणी अडवावे कसे आणि शुद्ध करावे कसे, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. त्याचा निर्णय कोणी करावयाचा, हा प्रश्न मात्र लोकशाहीचा आहे.

14 जून 1986 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते काशीतच ‘गंगा कृती योजने’चा प्रारंभ झाला. योजनेचे तंत्र थोडक्यात असे. नाल्यांचे पाणी नदीकाठी अडवावयाचे, विजेच्या पंपांनी ते उचलून संयंत्रापर्यंत न्यावयाचे, तेथे हवा फुंकून जिवाणूंकडून त्यातील सेंद्रिय घाण खाववावयाची आणि निवळलेले पाणी सोडून द्यावयाचे. या पद्धतीस ‘सक्रिय गाळ पद्धती’ म्हणतात. युरोपातील शहरांत ती उत्तम चालते, कारण तेथे वीज अखंड असते. काशीत वीज गेली की पंप थांबत आणि अडविलेले मैलापाणी पुन्हा घाटाशीच नदीत पडे. पावसाळ्यात पूर चढला म्हणजे उपसा केंद्रेच बंद ठेवावी लागत. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. सेंद्रिय घाण कमी झाली तरी विष्ठेतून येणारे रोगजंतू या प्रक्रियेने पुरेसे मरत नाहीत. नदीत डुबकी मारून आचमन करणाऱ्याच्या दृष्टीने हीच मोजदाद निर्णायक ठरते. भारतीय मानकानुसार स्नानयोग्य पाण्यात 100 मिलिलिटरमागे असे जिवाणू 500 पर्यंत असावेत आणि कोणत्याही स्थितीत 2500 च्या वर जाऊ नयेत.

ही उणीव दाखवून देणारा आवाज तुळसी घाटावरून उठला. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलीय अभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. पहाटे गंगास्नान करणारा आणि नंतर वर्गात प्रवाहाची गणिते शिकविणारा हा मनुष्य दोन्ही भूमिकांशी प्रामाणिक राहिला, आणि त्यामुळेच त्याच्या म्हणण्यास वजन आले. 1982 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘संकटमोचन फाउंडेशन’ स्थापिले. संस्थेने मोर्चे आणि घोषणा केल्या. पण तिचे वेगळेपण निराळ्याच गोष्टीत होते. तिने तुळसी घाटावर प्रयोगशाळा उभारली आणि नदीच्या पाण्याचे नमुने नियमितपणे तपासावयास आरंभ केला. सरकारी यंत्रणेच्या आकड्यांपुढे नागरिकांचे आकडे उभे राहिले. नुसत्या तक्रारीस ‘पाहू’ म्हणून वाटेस लावता येते. तारखेसह केलेल्या मोजमापास उत्तर द्यावेच लागते.

पण दोष दाखविणे सोपे, पर्याय देणे कठीण. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम ऑस्वाल्ड यांनी मैलापाण्यासाठी तळ्यांची एक मालिका योजिली होती. पहिल्या खोल तळ्याच्या तळाशी गाळ कुजून त्यातून मिथेन वायू निघतो. दुसऱ्या उथळ तळ्यात शैवाल वाढते आणि सूर्यप्रकाशात तेच प्राणवायू पुरविते. तिसऱ्यात शैवाल खाली बसते. चौथ्यात पाणी दिवसचे दिवस स्थिर राहून उरलेले जंतू नष्ट होतात. हवा फुंकण्याचे काम येथे सूर्य करतो. घाटांच्या कडेने भूमिगत वाहिनी टाकून उतारानेच पाणी शहराच्या खालच्या अंगास न्यावे आणि तेथे अशी तळी बांधावीत, अशी योजना फाउंडेशनने ऑस्वाल्ड यांच्या साह्याने मांडली. ऊन विपुल आणि वीज बेभरवशाची, अशा शहरासाठी ती नेमकी होती. तिच्यातही एक अडचण होतीच: तळ्यांना जमीन फार लागते, आणि गंगेच्या काठची जमीन मोकळी पडलेली नसते.

येथून पुढचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना अधिकार देऊ केले, आणि त्या दशकात काशीच्या नगरनिगमाने या योजनेस अनुकूलता दाखविली. राज्य शासनाच्या यंत्रणेस ती मान्य नव्हती. निवडून आलेले नगर एका बाजूस आणि कंत्राटे देणारी खाती दुसऱ्या बाजूस, अशी ओढाताण वर्षानुवर्षे चालली. 2008 मध्ये केंद्राकडून प्रायोगिक स्वरूपात संमती मिळाली. प्रत्यक्ष तळी मात्र झाली नाहीत. मार्च 2013 मध्ये मिश्र निवर्तले.

केरळात ‘शास्त्र साहित्य परिषद’ या 1962 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने सायलेंट व्हॅलीच्या विद्युतप्रकल्पाचा तांत्रिक व आर्थिक हिशेब स्वतः मांडून दाखविला, आणि तो प्रकल्प अखेर सोडून द्यावा लागला. तेथे एक धरण ‘नको’ म्हणावयाचे होते. काशीत एका यंत्राऐवजी दुसरे यंत्र ‘हवे’ म्हणावयाचे होते, आणि लोकांच्या संस्थांना हे दुसरे काम नेहमीच जड जाते. ‘नको’ला एक निर्णय पुरतो. ‘हवे’ला जमीन, पैसा, निविदा आणि अनेक वर्षांची देखभाल लागते, आणि यांपैकी काहीच संस्थेच्या हाती नसते.

तरी परिणाम शून्य झाला असे म्हणता येत नाही. 2017 मध्ये केंद्र सरकारने मैलापाणी शुद्धीकरणाची नवी मानके काढली, त्यांत विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा घातली गेली. ते एकट्या काशीकरांचे श्रेय नव्हे. पण ज्या मोजमापाचा आग्रह त्यांनी धरला होता, तेच मोजमाप आता नियमात आले. दीनापूर, गोइठा आणि रमना येथे नवी संयंत्रे उभी राहिली. ती तळ्यांची नव्हेत. तुळसी घाटावरील महंतपद आज वीरभद्रांचे पुत्र विश्वंभरनाथ मिश्र यांच्याकडे आहे. तेही प्राध्यापक, इलेक्ट्रॉनिक्सचे. आणि नव्या संयंत्रांनंतरही नदीच्या पाण्याविषयीचे आपले आकडे ते सरकारी आकड्यांशेजारी ठेवीत आले आहेत.