खाडे कशाने कमी होतात?

ब्रिटनमध्ये २०२४-२५ या वर्षात कामामुळे जडलेले आजार आणि कामावर झालेल्या इजा यांपायी ४ कोटी १ लाख कामाचे दिवस बुडाले. आदल्या वर्षी हा आकडा ३ कोटी ३७ लाख होता. म्हणजे एका वर्षात ६४ लाख दिवसांची, १९ टक्क्यांची वाढ झाली. ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ ही सरकारी संस्था दरवर्षी हा हिशेब मांडते.

या ६४ लाखांतले ५७ लाख दिवस एकाच खात्यावर पडतात. कामाचा ताण, नैराश्य आणि चिंता यांमुळे बुडालेले दिवस १ कोटी ६४ लाखांवरून २ कोटी २१ लाखांवर गेले. एकूण बुडालेल्या दिवसांत त्यांचा वाटा ४९ टक्के होता, तो ५५ टक्के झाला. पाठ, मान, सांधे यांच्या दुखण्यापायी बुडालेले दिवस मात्र ७८ लाखांवरून ७१ लाखांवर आले. इजांमुळे बुडालेले दिवस ४१ लाखांवरून ४४ लाख झाले.

ताणाने त्रस्त असलेल्यांची संख्या ७ लाख ७६ हजारांवरून ९ लाख ६४ हजारांवर गेली. ही वाढ २४ टक्के आहे, तर बुडालेल्या दिवसांची वाढ ३५ टक्के. माणशी हिशेब केला तर आदल्या वर्षी सरासरी २१ दिवस बुडत होते, आता जवळपास २३ बुडतात. आजारी पडणारे वाढले आणि प्रत्येकाची सुट्टीही लांबली.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. आजाराचे मूळ कामात असो वा नसो, सगळ्या आजारपणाची ब्रिटनमधली गैरहजेरी २०२२ मध्ये कामाच्या एकूण तासांच्या २.६ टक्के होती. २०२४ मध्ये ती २ टक्क्यांवर आली. त्या वर्षी १४ कोटी ८९ लाख दिवस बुडाले, माणशी ४.४ दिवस, आणि सर्वांत मोठे कारण सर्दी-खोकल्यासारखे किरकोळ आजार हेच होते. दोन्ही मोजण्यांचे कालखंड आणि व्याप्ती थोडी वेगळी आहे, तरी दिशा स्पष्ट दिसते. एकूण आजारपण ओसरत असताना कामातून येणारे आजारपण वाढले.

कंपन्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे ‘वेलनेस’: आरोग्य तपासणी, योगवर्ग, ध्यानधारणेचे ॲप, वजन उतरवण्याच्या स्पर्धा. या खर्चाचे समर्थन करताना अनेक वर्षे एक आकडा पुढे केला जाई. कॅथरीन बायकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी २०१० मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला होता. वेलनेसवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे गैरहजेरीचा खर्च २.७३ डॉलरने आणि उपचारांचा खर्च ३.२७ डॉलरने घटतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

पुढे साँग आणि बायकर यांनीच हा आकडा अधिक कडक कसोटीला लावला. अमेरिकेतील ‘बीजेज होलसेल क्लब’ या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तिथे कार्यक्रम राबवला. अभ्यासात एकूण ३२,९७४ कर्मचारी होते. १८ महिन्यांनी नियमित व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा ८.३ टक्के-बिंदूंनी जास्त निघाले, वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांचे १३.६ टक्के-बिंदूंनी. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च आणि गैरहजेरी यांत मात्र दखल घ्यावी असा फरक नव्हता.

दोन निष्कर्षांत इतके अंतर का पडले, हे इलिनॉय विद्यापीठातील प्रयोगाने दाखवले. ४,८३४ कर्मचाऱ्यांपैकी ३,३०० जणांना कार्यक्रम खुला केला, १,५३४ जणांना नाही. संधी मिळालेल्यांपैकी ५६ टक्के जणांनी पहिली तपासणी पूर्ण केली. हे ५६ टक्के आधीपासूनच तब्येत सांभाळणारे होते आणि त्यांचा उपचारांवरचा खर्च आधीपासूनच कमी होता. म्हणजे सहभागी झालेल्यांची तुलना न झालेल्यांशी केली की कार्यक्रम यशस्वी दिसतो. संधी मिळालेल्या आणि न मिळालेल्या पूर्ण गटांची तुलना केली की पहिल्या वर्षात खर्च, सवयी किंवा गैरहजेरी यांवर परिणाम दिसत नाही. खर्च आणि गैरहजेरीविषयीच्या पूर्वीच्या अंदाजांपैकी ८४ टक्के अंदाज या प्रयोगाच्या मर्यादेबाहेर पडले.

ब्रिटनमधून याला दुजोरा मिळतो. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासली. ताण सोसण्याचे प्रशिक्षण, ध्यानधारणा, ॲप यांत भाग घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांपेक्षा अधिक समाधानी नव्हते. हे सर्वेक्षण आहे, प्रयोग नाही. पण अमेरिकेतील दोन्ही प्रयोगांशी त्याचा मेळ बसतो.

हजेरीचे बक्षीस हा जुना उपायही तपासला गेला आहे. जर्मनीतील एका दुकानसाखळीच्या २३२ शाखांतील ३४६ शिकाऊ उमेदवारांवर हा प्रयोग झाला. रोख बक्षीस लावल्यावर गैरहजेरी सुमारे ५० टक्क्यांनी वाढली, माणशी वर्षाला ५ दिवसांहून जास्त. हजेरीला वेगळे पैसे मिळतात म्हटल्यावर ती कर्तव्य न राहता सोडता येण्याजोगी जादा कमाई ठरते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

काम बदलले की काय होते? ब्रिटनमध्ये २०२२ साली जून ते डिसेंबर या काळात ६१ संस्थांनी सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांसाठी, पगार तोच ठेवून, कामाचे तास कमी केले. आजारपणाचे दिवस ६५ टक्क्यांनी घटले आणि ५६ संस्थांनी प्रयोग पुढे चालू ठेवला. इथेही वरचीच कसोटी लावायला हवी. या संस्था स्वतःहून आल्या होत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे ६५ हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. त्याने दाखवलेली दिशा मात्र नोंदवण्याजोगी आहे.

भारतात कामाच्या जागेचा एक घटक काटेकोरपणे मोजला गेला आहे: उष्णता. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की कारखान्याचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते आणि उष्ण दिवसांत गैरहजेरी वाढते. कारखाना थंड केल्यावर हाताचा वेग सावरतो, खाडे मात्र कमी होत नाहीत. कामगार घरी आणि रस्त्यावर तोच उकाडा सोसतो, हे त्याचे संभाव्य कारण दिले आहे.

आजारी कामगाराच्या हाती काय पडते, हाही हिशेब मांडायला हवा. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण पहिले २ दिवस सहसा कोरे जातात. दिवसाला ६०० रुपये मिळवणारा कामगार ५ दिवस आजारी पडला, तर ३,००० रुपयांच्या जागी १,२६० रुपये हाती येतात, म्हणजे ४२ टक्के. त्यामुळे तापात कामावर येणे त्याला परवडते आणि घरी राहणे परवडत नाही. योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० रुपये झाली. त्यावर एक रुपया कमावणारा नवा कामगार योजनेबाहेर राहतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ८ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, आजारपणाची वेगळी रजा नाही. म्हणून मस्टरवर खाडे कमी दिसले तर कामगार निरोगी आहेत असे समजणे धोक्याचे आहे.

ब्रिटनची ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ ताणाची मुळे सहा ठिकाणी शोधायला सांगते: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, वरिष्ठांचा आधार, आपसांतले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची रीत. यांतली एकही गोष्ट कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या हातात नाही. सहाही व्यवस्थापनाच्या हातात आहेत. पुढच्या वर्षीच्या वेलनेसच्या खर्चावर सही करण्याआधी व्यवस्थापकांनी मागच्या वर्षीचे खाडे विभाग, पाळी, महिना आणि पर्यवेक्षक यांनुसार मांडून पाहावेत. एकाच पाळीत किंवा एकाच विभागात ते साचलेले दिसले, तर खर्च तिथले काम बदलण्यावर करावा.