उपकारस्मरणाची सवय

चहात साखर बेताची असली की आपण मुकाट्याने पितो. कमी पडली की लगेच बोलतो. मनाचा स्वभावच असा आहे. उणे तेवढे चटकन दिसते, आणि मिळाले ते हक्काचे वाटते. म्हणूनच कृतज्ञता आपोआप येत नाही, ती अंगी बाणवावी लागते.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. येशूने दहाही जणांना बरे केले. उपकार मानायला परत आला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका! बाकीचे नऊ काही दुष्ट होते असे नाही. पण ते मागे वळले नाहीत. तुम्ही-आम्ही बहुधा त्या नवांतलेच.

कोणी विचारील, ‘घरात आजारपण, हातात पैसा नाही, उपकार मानायचे कशाचे?’ प्रश्न खरा आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना पौलाने प्रत्येक स्थितीत उपकार मानायला सांगितले. दुःखालाच सुख म्हणा, असे काही तो सांगत नाही. दुःखातही देवाचा हात सोडू नका, एवढेच त्याचे म्हणणे.

हे नुसते बोलणे नव्हे. जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावी मार्टिन रिंकार्ट नावाचे पाळक होते. तीस वर्षांच्या युद्धात तटाच्या आश्रयाने तिथे निर्वासितांची दाटी झाली, आणि १६३७ साली प्लेग आला. त्या एका वर्षात रिंकार्टांनी ४,०००हून अधिक माणसांना मूठमाती दिली. त्यांत त्यांची पत्नीही होती. याच रिंकार्टांचे उपकारस्तुतीचे गीत आज जगभरच्या चर्चमधून गातात. पण मूळचे ते जेवणाच्या वेळची छोटीशी प्रार्थना होते. मोठ्या संकटात टिकणारी श्रद्धा रोजच्या ताटाशीच घडते, ती अशी.

मग सुरुवात कुठून करावी? संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली पायरी दोष मोजण्याची नाही बरे का, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे उपकार मानण्याची आहे. रात्री निजण्यापूर्वी दिवसातल्या दोन-तीन गोष्टी नेमक्या आठवा. ‘सगळ्याबद्दल आभार’ असे मोघम म्हणू नका. पाणी वेळेवर आले, ताप उतरला, शेजाऱ्याने विचारपूस केली, असे एकेक म्हणा. आणि ज्या माणसाच्या हातून ते आले, त्यालाही दुसऱ्या दिवशी दोन शब्द बोला. देवाचे आभार मानले आणि रांधणाऱ्या हातांना विसरलो, तर ती प्रार्थना अर्धीच राहिली.