मुंबईतील प्राणी निवारे आणि दत्तक कार्यक्रम

मुंबईतील प्राणी निवारे म्हणजे भटके, जखमी, आजारी अथवा मालकांनी सोडून दिलेले प्राणी, मुख्यत्वे कुत्रे व मांजरे, ठेवून घेणाऱ्या, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या आणि शक्य असेल तेथे त्यांना कायमचे घर मिळवून देणाऱ्या संस्था होत. त्यांपैकी बहुतेक संस्था धर्मादाय स्वरूपाच्या असून देणग्या, स्वयंसेवकांचे श्रम आणि काही प्रमाणात महानगरपालिकेचे निर्बीजीकरणासाठीचे अर्थसाहाय्य यांवर त्यांचे काम चालते. २०१४ मध्ये झालेल्या गणनेनुसार शहरात सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते. एवढ्या संख्येला पुरेल इतकी जागा कोणत्याही निवाऱ्याकडे नाही आणि जमिनीची टंचाई पाहता ती उपलब्ध होणेही अवघड आहे. त्यामुळे निवाऱ्यातील पिंजऱ्यांच्या संख्येपेक्षा दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात : आत आलेला प्राणी किती लवकर योग्य घरी जातो, आणि वस्तीत राहणारा प्राणी मुळात निवाऱ्यात येण्याची वेळ कशी टळते.

इतिहास

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर मुंबईत जाहीर संघर्ष झाल्याची पहिली मोठी नोंद १८३२ सालची आहे. ब्रिटिश प्रशासनाने भटके कुत्रे मारण्याचे धोरण स्वीकारले होते आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस दिले जाई. या लालसेने काही शिपाई पाळीव कुत्रेही, प्रसंगी घरात शिरून, मारत असल्याचा आरोप झाला. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान असल्याने जून १८३२ मध्ये फोर्ट भागातील पारशी रस्त्यावर उतरले. काही हिंदू, जैन आणि मुस्लिम व्यापाऱ्यांनीही बाजार बंद ठेवून त्यांना साथ दिली. हा प्रसंग ‘मुंबईतील कुत्र्यांची दंगल’ म्हणून ओळखला जातो.

या घटनेनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाला. भुलेश्वर परिसरातील ही संस्था पुढे प्रामुख्याने गोशाळा म्हणून परिचित झाली, तरी तिच्या स्थापनेमागे मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांना आसरा देण्याचा हेतू होता. पांजरपोळाची कल्पना आजच्या निवाऱ्याहून वेगळी होती. तेथे आणलेले जनावर मरेपर्यंत सांभाळणे हेच पुण्यकर्म मानले जाई. ते दुसऱ्याच्या घरी देण्याचा विचार त्यात नव्हता.

१८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी शहरात स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्यानंतरच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय सुरू झाले. १८८६ मध्ये याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाल्यामुळे शिक्षण, उपचार व आसरा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या.

महानगरपालिकेचे धोरण मात्र दीर्घकाळ कुत्रे मारण्याचेच राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी विजेच्या धक्क्याचा वापर होत असे. दशकानुदशके मोहिमा राबवूनही कुत्र्यांची संख्या आणि रेबीजचे मृत्यू यांत लक्षणीय घट दिसली नाही. १९८५ मध्ये ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था मुंबईत स्थापन झाली. निर्बीजीकरणाचा पर्याय पुढे रेटणाऱ्या संस्थांमध्ये तिचा समावेश होतो. १९९४ मध्ये पालिकेने कुत्रे मारणे थांबवले आणि १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरण व लसीकरणाच्या कार्यपद्धतीला मान्यता देणारे निर्देश दिले.

कायदेशीर चौकट

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. त्याअन्वये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ मध्ये लागू झाले आणि त्यांची जागा मार्च २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार भटका कुत्रा पकडून त्याचे निर्बीजीकरण व रेबीजविरोधी लसीकरण करावयाचे, ओळखीसाठी कानाला खाच पाडावयाची आणि त्यास जेथून उचलले तेथेच सोडावयाचे असते.

या शेवटच्या अटीमुळे भारतीय निवारा पाश्चात्त्य निवाऱ्याहून मूलतः वेगळा ठरतो. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत रस्त्यावर मोकळा सापडलेला कुत्रा निवाऱ्यात जातो आणि तेथून त्याच्यापुढे मालकाकडे परतणे, दत्तक जाणे किंवा दयामरण असे पर्याय असतात. मुंबईत शस्त्रक्रियेसाठी आलेला बहुसंख्य कुत्रा काही दिवसांत आपल्या गल्लीत परततो. त्याच जागी सोडण्यामागे व्यावहारिक कारण आहे. कुत्रे आपापल्या हद्दीत राहतात आणि परक्या कुत्र्यांना तेथे शिरू देत नाहीत. कचरा व अन्न कायम ठेवून केवळ कुत्रे हलवले, तर रिकाम्या हद्दीत बाहेरचे, निर्बीजीकरण व लसीकरण न झालेले कुत्रे येऊन बसतात.

पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी २०१७ आणि २०१८ मध्ये अनुक्रमे श्वानपैदास व प्राणी विक्री दुकाने यांविषयीचे नियम आले. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई असून पैदासकाराने नोंदणी करणे बंधनकारक आहे. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना घ्यावा लागतो. रस्त्यावरून घरी आणलेला गावठी कुत्राही त्याला अपवाद नाही.

दत्तक जाणारे प्राणी

निवाऱ्यातून दत्तक दिल्या जाणाऱ्या प्राण्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला आणि सर्वांत मोठा गट आईविना सापडलेल्या किंवा अपघातातून वाचलेल्या पिल्लांचा आहे. कुत्रीचा गर्भावधी सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि भारतातील मोकाट कुत्र्यांची बरीचशी वीण पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर होते. त्या काळात निवाऱ्यांकडे पिल्लांची रीघ लागते. रस्त्यावर या पिल्लांचे काय होते याची कल्पना पश्चिम बंगालमधील एका अभ्यासावरून येते. तेथे निरीक्षणाखालील ९५ वेतांतील ३६४ पिल्लांपैकी केवळ १९ टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली आणि एकूण मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे वाहने, मारहाण, उचलून नेणे अशी माणसाशी संबंधित कारणे होती. दत्तक कार्यक्रमाची निकड या आकड्यांइतकी स्पष्टपणे क्वचितच मांडता येईल.

दुसरा गट मालकांनी सोडलेल्या जातिवंत कुत्र्यांचा. घर बदलणे, परदेशी जाणे, घरात बाळ येणे, आजारपणाचा खर्च, किंवा पिल्लू अपेक्षेपेक्षा मोठे होणे ही त्यामागची नेहमीची कारणे. सैबेरियन हस्कीसारख्या थंड प्रदेशातील जाती मुंबईच्या दमट हवेत त्वचारोगांना आणि उष्माघाताला बळी पडतात व मग त्या सांभाळणे कुटुंबाला जड जाते. जन्मापासून घरात वाढलेला असा कुत्रा रस्त्यावर तग धरू शकत नाही. त्याला अन्न शोधता येत नाही आणि हद्दीतले कुत्रेही त्याला टिकू देत नाहीत.

तिसऱ्या गटात अंध, तीन पायांचे किंवा कमरेखाली लुळे झालेले प्राणी येतात. त्यांना मूळ जागी सोडणे शक्य नसते आणि दत्तक घेणारेही फार थोडे मिळतात. निवाऱ्यातील कायमची जागा बहुतांशी यांनीच व्यापलेली असते. वस्तीत रुळलेला, सुदृढ प्रौढ कुत्रा दत्तक देण्याबाबत मात्र सरसकट आग्रह धरणे योग्य नसते. मोकळे फिरण्याची सवय असलेल्या अशा कुत्र्याला बंद सदनिका मानवेलच असे नाही.

दत्तक प्रक्रिया

पिल्लू निवाऱ्यात येताच ते सर्वांत मोठ्या धोक्यात असते, हे वरवर विपरीत वाटणारे सत्य आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणुजन्य रोग दाटीच्या जागी झपाट्याने पसरतात. त्यांपैकी पार्व्होचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर व मातीत अनेक महिने टिकून राहतो. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरल्यानंतर आणि लशींचा क्रम पूर्ण होण्यापूर्वी मधला काही आठवड्यांचा काळ असुरक्षित जातो. म्हणूनच अनेक संस्था निरोगी पिल्लू निवाऱ्यात ठेवण्याऐवजी ‘तात्पुरत्या पालकां’च्या घरी पाठवतात. हे पालक काही आठवडे पिल्लाला सांभाळतात, जंतनाशक व लशी देऊन घेतात आणि माणसांच्या वावराची, घरातल्या आवाजांची त्याला सवय लावतात. असे एक घर मिळाले की निवाऱ्यातील एक जागा मोकळी होते आणि पिल्लाच्या स्वभावाची खरी माहितीही हाती येते.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याकडून अर्ज, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा घेतला जातो. मुलाखतीत घरातील सर्व सदस्यांची संमती, दिवसातून किती तास घर बंद असते, गावी जाताना प्राण्याची सोय काय, पूर्वी पाळलेल्या प्राण्याचे पुढे काय झाले असे प्रश्न विचारले जातात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडे घरमालकाच्या परवानगीची चौकशी होते. काही संस्था घरभेटही घेतात. करारपत्रात योग्य वयात निर्बीजीकरण करणे, साखळीने कायम बांधून न ठेवणे, पैदाशीसाठी वापर न करणे आणि सांभाळणे अशक्य झाल्यास प्राणी संस्थेकडेच परत देणे या अटी असतात. त्यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. परत आणण्याची वाट खुली असल्याचे माहीत असलेले कुटुंब प्राणी महामार्गावर सोडून देण्याची शक्यता कमी असते.

गृहनिर्माण संस्थांचा विरोध हा मुंबईतील दत्तक प्रक्रियेतील ठळक अडथळा आहे. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारा ठराव गृहनिर्माण संस्थेला करता येत नाही, असे जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरीही उद्वाहनाचा वापर, भुंकणे आणि जिन्यातील अस्वच्छता यांवरून वाद होतच राहतात, आणि त्यांतून काही प्राणी पुन्हा निवाऱ्यात येतात.

वस्तीपातळीवरील कार्यक्रम

निर्बीजीकरण हा या कार्यक्रमांचा कणा आहे. मात्र त्याचा परिणाम दिसण्यासाठी एका भागातील बहुसंख्य कुत्र्यांवर थोड्या कालावधीत शस्त्रक्रिया व्हावी लागते. शहरभर विखुरलेल्या शस्त्रक्रियांची बेरीज मोठी दिसते, पण उरलेल्या माद्या ती घट लवकरच भरून काढतात. कुत्रे पकडण्यासाठी त्यांना रोज खाऊ घालणाऱ्या रहिवाशांची मदत मोलाची असते. कोणती मादी कोणत्या गाडीखाली झोपते, कोणाला पिल्ले आहेत, कोण नवा आला, हे त्यांनाच ठाऊक असते.

जागेवरच प्रथमोपचार हा दुसरा उपक्रम होय. खरूज, जखमेत पडलेले किडे, गोचिडांचा प्रादुर्भाव अशा तक्रारींवर प्रशिक्षित स्वयंसेवक रस्त्यावरच उपचार करतात. त्यामुळे कुत्र्याची हद्द सुटत नाही, निवाऱ्यातील संसर्ग टळतो आणि रुग्णवाहिका गंभीर जखमींसाठी राखून ठेवता येते.

रेबीजविषयीचे शिक्षण हा यांतील सर्वांत कमी दिसणारा, तरीही माणसांच्या जिवाशी थेट जोडलेला भाग आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. माणसांतील ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांमुळे होतो आणि जगभरातील बळींपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. चावा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुणे, हळद, चुना किंवा तिखट न लावणे, त्वरित रुग्णालयात जाऊन लशीचे सर्व डोस पूर्ण करणे, आणि खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला न छेडणे एवढ्या गोष्टी शाळांमधून शिकवल्या जातात. घरी रागावतील या भीतीने मुले चावा लपवतात, म्हणून ‘लगेच सांगा’ हा या शिकवणीचा गाभा असतो.

अशा कामाचा परिणाम मोजून दाखवणारे जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथे राज्य शासन आणि स्वयंसेवी संस्थांनी २०१३ नंतर दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांचे लसीकरण आणि सुमारे दीड लाख मुलांचे शिक्षण या पातळीपर्यंत मोहीम नेली व जोडीला अखंड रोगनिरीक्षण ठेवले. त्या मोहिमेवरील अभ्यासानुसार कुत्र्यांतील रेबीजची मासिक प्रकरणे ९२ टक्क्यांनी घटली आणि माणसांतील रेबीज थांबला. हे यश कुत्रे हटवून मिळालेले नव्हते. अर्थात गोवा व मुंबई यांच्या लोकसंख्येच्या घनतेत मोठा फरक आहे.

२०२५ मधील न्यायालयीन आदेश

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने दिल्ली परिसरातील सर्व भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्यीय खंडपीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडावेत, मात्र रेबीजग्रस्त, रेबीजची शंका असलेले वा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमाव्यात, असे त्यात म्हटले होते. इच्छुक नागरिकांना पालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेण्याची मुभाही देण्यात आली. असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदारावर ठेवली गेली. ७ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचे आणि त्यांना तेथे परत न सोडण्याचे निर्देश दिले.

रुग्णालयाच्या वा शाळेच्या आवारात वावरणाऱ्यांची सुरक्षितता हा या आदेशामागील रास्त मुद्दा आहे. मुंबईतील निवाऱ्यांची रचना मात्र अल्पकाळ ठेवून परत पाठवण्याच्या पद्धतीवर बेतलेली आहे. परतीची वाट बंद झालेला प्रत्येक प्रौढ कुत्रा दहा-बारा वर्षांसाठी एक जागा अडवू शकतो, आणि दत्तक घेणाऱ्यांची पसंती तर पिल्लांनाच असते. उपचारांची क्षमता अलीकडे वाढली आहे, जसे २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठीचे बहुमजली रुग्णालय सुरू झाले. पण रुग्णालयातील खाट म्हणजे निवाऱ्यातील जागा नव्हे.

मांजरे

मांजरांचा प्रश्न त्या मानाने उशिरा विचारात घेतला गेला. महानगरपालिकेने त्यांच्या निर्बीजीकरणाचा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू केला. मांजरी वर्षातून एकाहून अधिक वेळा विते आणि मासळी बाजार, उपाहारगृहे व जुन्या चाळींच्या आसपास त्यांच्या वसाहती वाढतात. लहान घरातही मांजर सुखाने राहू शकत असल्याने मुंबईत त्यांना दत्तक घेणारे मिळणे तुलनेने सोपे असते. दत्तक देण्यापूर्वी बहुतेक संस्था खिडक्या व सज्जांना जाळी बसवल्याची छायाचित्रे मागतात, कारण वरच्या मजल्यांवरून पडून मांजरे दगावण्याचे प्रसंग उंच इमारतींच्या या शहरात वारंवार घडतात.