हुबेहूब जुळली म्हणजे खरी?

दोन हजारांची नवी नोट नोव्हेंबर 2016 मध्ये बाजारात आली, आणि तिच्यात चिप बसवल्याची बातमी तिच्याआधीच घरोघर पोचली होती. जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, असं चांगली शिकलेली माणसं सांगत होती. चिप तिच्यात कधीच नव्हती. त्याच दिवसांत दुसरी तक्रार सुरू झाली : ओल्या कापसाने घासलं की नोटेचा रंग सुटतो, म्हणजे नोट खोटी. त्यावर तेव्हाचे अर्थ व्यवहार सचिव शक्तिकांत दास यांना सांगावं लागलं की रंग सुटणं हा अस्सल नोटेचाच गुण आहे.

त्याचं कारण छपाईत आहे. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ, दोन्ही कडांवरच्या तिरक्या रेघा हे सगळं उठावाच्या छपाईने उमटवलेलं असतं. धातूच्या पट्टीवर रेषा कोरतात, त्या खाचांत दाट शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्यावर दाबतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो, म्हणून शाईचा थर कागदाच्या वर उभा राहतो. बोटाला लागतो तो हाच खरखरीतपणा. पाचशेच्या नोटेवर कडेच्या तिरक्या रेघा पाच आहेत, दोनशेवर चार. अंध माणसाला नोट ओळखता यावी म्हणून त्या ठेवल्या आहेत. शाईचा थर जाड असल्यामुळे घासल्यावर थोडा रंग उतरणारच.

खोटी नोट ओळखणं म्हणजे चित्र नीट जमलं आहे का ते पाहणं, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. चित्र आज कोणालाही जमतं. चांगला स्कॅनर आणि छपाई यंत्र असलं की गांधीजींचा चष्माही जागच्या जागी येतो. प्रयोगशाळेत मात्र चित्राकडे नंतर बघतात. ते कसं तयार झालं हे आधी बघतात. नोट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बाजूने आडवा उजेड टाकला, की अस्सल रेषेचा उंचवटा आणि त्याची सावली दिसते. शाई फवारणाऱ्या प्रिंटरच्या नोटेत सलग रेषाच नसते, निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची गर्दी असते. लेझर प्रिंटरच्या नोटेत वितळून चिकटलेली भुकटी दिसते, आणि तिचे चुकार कण कोऱ्या जागेतही सांडलेले असतात. वॉटरमार्कचंही तसंच. खरा वॉटरमार्क कागद ओला असतानाच, त्याचा थर कुठे जाड कुठे पातळ ठेवून घडवतात. त्यात शाईचा थेंबही नसतो. खोट्या नोटेत बहुतेक वेळा तो फिकट शाईने छापलेला असतो.

‘निळ्या दिव्याखाली चमकली म्हणजे खरी’ असं दुकानातही ऐकू येतं. खरं तर उलट आहे. नोटेचा कागद कापसाचा असतो आणि अतिनील प्रकाशात तो निस्तेज राहतो. चमकतात ते क्रमांकाचे आकडे आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू. बाजारातला पांढराशुभ्र कागद मात्र निळसर उजळतो, कारण त्यात शुभ्रता आणणारी रसायनं असतात. इथेही एक मेख आहे. हीच रसायनं कपडे धुण्याच्या पावडरीत असतात, त्यामुळे शर्टाच्या खिशात राहून धुतली गेलेली अस्सल नोटही दिव्याखाली उजळू शकते. वर्षानुवर्षं फिरलेल्या नोटेचा उठावही झिजतो. म्हणूनच जाणकार तपासनीस एका खुणेवर निकाल देत नाही.

काही अफवा दोन वाक्यांत संपतात. क्रमांकात तारा असलेली नोट खोटी नसते : छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती बदली नोट आहे. हिरवी सुरक्षा पट्टी गव्हर्नरांच्या सहीजवळ नसून गांधीजींच्या चित्राकडे सरकलेली असली तरी पाचशेची नोट खरीच, आणि पेनाने काही लिहिलं म्हणून नोट बाद होत नाही.

बँकेबद्दलचा गैरसमज मात्र माणसाला गुन्ह्याकडे नेतो. खोटी नोट बँकेत नेली तर पोलीस धरतील, या भीतीने लोक ती अंधारात कुणाच्या तरी गळ्यात मारतात. बहुधा भाजीवाल्या मावशींच्या किंवा रिक्षावाल्याच्या. नियम असा आहे : बँक ती नोट शिक्का मारून जप्त करते, पावती देते, पैसे देत नाही. नोट परत देण्याचा अधिकार बँकेला नाही. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर त्यांची माहिती महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांकडे जाते. पाच किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवला जातो. भारतीय न्याय संहितेची 179 आणि 180 ही कलमं बघतात ती माणसाची जाण आणि हेतू. फसून नोट हाती आली तो गुन्हा नव्हे. खोटी आहे हे कळल्यावर ती खपवणं हा गुन्हा आहे, आणि दिवसाच्या कमाईतले पाचशे रुपये बुडणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिलं तर तो लहान गुन्हा नाही.

सहीच्या बाबतीत घोटाळा आणखी खोल आहे. मृत्युपत्रावरून भाऊ भांडायला उठले की पहिला पुरावा ठरलेला : ‘बघा, वडिलांच्या पासबुकातल्या सहीशी तंतोतंत जुळते.’ तंतोतंत जुळणं हीच शंकेची जागा आहे. जिवंत हाताच्या दोन सह्या कधी एकसारख्या होत नाहीत.

अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या सिल्व्हिया हाउलंड या श्रीमंत बाई 1865 मध्ये वारल्या. भाची हेटी रॉबिन्सन हिने मृत्युपत्राला जोडलेलं एक पान पुढे केलं. त्यावरची मावशीची सही मृत्युपत्रावरच्या सहीवर ठेवली तर रेघेवर रेघ बसत होती. हार्वर्डचे गणिती बेंजामिन पियर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी बाईंच्या 42 खऱ्या सह्या घेतल्या, प्रत्येकीतले खाली येणारे 30 फटकारे मोजले आणि 861 जोड्या ताडून पाहिल्या. सगळे 30 फटकारे जुळण्याची शक्यता नसल्यात जमा निघाली. त्यांच्या गणितातल्या गृहीतकावर पुढे टीका झाली, आणि 1868 चा निकालही दुसऱ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला. पण सही गिरवलेली असली की ती नको इतकी जुळते, हा धडा हस्ताक्षर तपासणीत कायमचा राहिला.

गिरवणारा हात आकार सांभाळतो, म्हणून वेग गमावतो. रेषेची सुरुवात आणि शेवट बोथट होतात, पेन मध्येच थांबतं, नको तिथे उचललं जातं, दाब सगळीकडे सारखा पडतो. म्हाताऱ्या हाताची थरथर निराळी : ती सहीभर असते, पण अक्षराची ओळखीची लय मोडत नाही. झेरॉक्सवर दाब आणि पेनाची उचल नीट कळत नाही, म्हणून तज्ज्ञ मूळ कागद मागतो.

तज्ज्ञ मागतो ती दुसरी गोष्ट म्हणजे नमुने, आणि तेही वादातल्या सहीच्या आसपासच्या काळातले, त्याच लिपीतले. आपल्याकडे बँकेत इंग्रजी आणि ग्रामपंचायतीत मराठी सही करणारे पुष्कळ असतात; मराठी सही इंग्रजी सहीशी ताडता येत नाही. आरोपीकडून नमुना सही घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये काठी कालू ओघड खटल्यात स्पष्ट केलं.

नमुनाच खोटा असेल तर काय होतं, ते 1983 मध्ये जर्मनीत दिसलं. हिटलरच्या म्हणून विकलेल्या डायऱ्या हस्ताक्षर तज्ज्ञांनी खऱ्या ठरवल्या, कारण ताडण्यासाठी दिलेल्या कागदांतही त्या डायऱ्या लिहिणाऱ्या कोनराड कुयाऊनेच बनवलेली अक्षरं होती. बिंग फोडलं कागदाने. अतिनील दिव्याखाली तो उजळला. त्यातलं शुभ्रता आणणारं रसायन दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं होतं.

तेव्हा तज्ज्ञाचा शब्द अखेरचा, हेही खरं नाही. 1980 च्या मुरारी लाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मताला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवाच असा नियम नाही, पण ते सावधपणे तोलून आणि कारणं पाहून स्वीकारावं. उलटतपासणीत विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘किती वर्षांचा अनुभव?’ एवढाच नसावा. ‘नमुने किती, कुठून आले, मूळ कागद पाहिला का?’ हे विचारावं.

आणि घरातली खरेदीखतं, मृत्युपत्रं लॅमिनेट करू नका. मोठ्या मायेने लोक ती प्लास्टिकमध्ये घालून आणतात. वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर पडलेले दाबाचे ठसे विद्युतभाराच्या साहाय्याने उठवता येतात, शाईवर शाई कुठे चढली तेही तपासता येतं. प्लास्टिकखाली गेलेल्या कागदावर यातलं बरंचसं करता येत नाही. साध्या कागदी पाकिटात, नवी घडी न घालता, टाचणी न लावता कागद ठेवावा.