डॉक्टरीणबाई, सरपंचपती आणि सेविका

आमच्या गल्लीत पूर्वी एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी उभ्या जन्मात कुणाची नाडी बघितली नव्हती. मिस्टर डॉक्टर, म्हणून त्या डॉक्टरीणबाई! वकिलीण, मास्तरीण, पाटलीण, शिंपीण... या जुन्या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा एकच, अमक्याची बायको. शिंपीण बिचारी रात्र रात्र जागून काजं-बटणं करायची, पण दुकान आणि धंदा शिंप्याचा. पुढे बायका स्वतःच शिकून डॉक्टर, वकील झाल्या आणि पंचाईत झाली. म्हणून मग सरळ पुरुषांचाच शब्द घेतला नि त्याला 'मॅडम' जोडलं.

2007 मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' शब्दावरून किती विनोद झाले, आठवतंय ना? सेनापतीतला पती तोच इथला पती, म्हणजे प्रमुख. तरीही 2022 मध्ये द्रौपदी मुर्मूंना एका खासदारांनी 'राष्ट्रपत्नी' म्हटलंच. नंतर त्यांना लेखी माफी मागावी लागली.

गावात मात्र उलटी तऱ्हा. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या आणि 'सरपंचपती' नावाचं एक पद तयार झालं. कुठल्या कायद्यात आहे हो ते? पाटलीणबाईंना पाटलाच्या नावावर हळदीकुंकवात मान मिळायचा, सरपंचपतींना थेट खुर्चीच मिळते!

पण मैत्रिणींनो, मला सगळ्यात जास्त खुपतो तो 'सेविका' हा शब्द. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका. मुलांची वजनं घ्या, पोषण आहार बघा, गरोदर बाईला दवाखान्यात न्या, सर्व्हे करा, वर मोबाइलमध्ये माहिती भरा. एवढं करून हाती पडतं ते 'मानधन', पगार नव्हे. सेवाच ती, तिचा कसला पगार! आता कुणी म्हणेल, ग्रामसेवकही सेवकच की. हो, पण त्याला पगार असतो. शिवाय 2024 मध्ये राज्य सरकारने त्या पदाचं नाव बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी'. त्या पदांवर बायकाही आहेत, त्यांचं अभिनंदनच. अंगणवाडीतली मात्र सेविकाच राहिली. तिच्या हाताखालची तर 'मदतनीस'. अंगणवाडी योजना सुरू झाली 1975 साली, आणि या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सुप्रीम कोर्टाचा एप्रिल 2022 चा निकाल यावा लागला.

आमच्या शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंना मी विचारलं, "तुमच्या पदाला दुसरं नाव द्यायचं झालं तर काय द्यावं?"

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "नावाचं राहू द्या वहिनी, चष्मा घरी राहिलाय माझा. मागच्या महिन्याचं जमा झालंय का, तेवढं बघून सांगा."